पोहायला शिकवू या, पण मैदान सोडू नये

सन्माननीय विश्वस्त मंडळ, पालक बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांनो,



जुलै महिन्यातल्या पालक-शिक्षक सभेत एक अर्ज आमच्या हाती आला. चाळीसेक पालकांच्या सह्या होत्या. मजकूर थोडक्यात असा : "पोहणे हा सर्वांगाचा व्यायाम आहे. धुळीच्या मैदानात कवायत करून मुलांचे कपडे खराब होतात, गुडघे फुटतात आणि फायदा काही दिसत नाही. तरी शारीरिक शिक्षणाचे तास बंद करून त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस मुलांना तरणतलावावर न्यावे."

अर्ज वाचून आम्हाला आनंद झाला. पालक मुलांच्या गुणपत्रिकेपलीकडे काही मागत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पुढच्या आठवड्यात त्याच अर्जाला एक शेपूट जोडले गेले. मुले तलावावर जाणार असतील तर मैदान रिकामेच राहील, मग अर्धे मैदान फरसबंद करून शाळेच्या बसगाड्या तिथे उभ्या केल्या तर रस्त्यावरची गर्दी कमी होईल, असा विचार विश्वस्त मंडळापुढे आला आहे. विचार मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. शाळा सुटताना फाटकापाशी काय गोंधळ होतो तो आम्ही रोज पाहतो. तरीही या दोन्ही गोष्टींवर आमचे मत स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. येत्या सभेत निर्णय व्हायचा आहे, त्याआधी सर्वांनी हे वाचावे ही विनंती. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, मराठी घरात आणि या शाळेत शिकलो. भाषेत काही चूकभूल असेल तर सांभाळून घ्यावी.

प्रथम पाण्याची बाजू घेतो, कारण आम्ही स्वतः तिचे ऋणी आहोत.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिना चढणे कठीण, प्रार्थनेला उभे राहणे कठीण. डॉक्टर म्हणाले, चालणे सध्या कमी करा, पाण्यात उतरा. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बायकांच्या बॅचमध्ये नाव घातले. पहिले आठ दिवस काठाची दांडी सोडवेना. आमच्याच शाळेतली चौथीतली एक मुलगी आईबरोबर तिथे येत असे. एके दिवशी ती शेजारी येऊन म्हणाली, "मॅडम, पोट वर करा आणि डोकं मागे सोडून द्या. पाणी धरतं." तिने सांगितले तसे केले आणि खरोखरच पाण्याने आम्हाला धरले. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ती रांगेतून आमच्याकडे पाहून हसली. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, याचा विचार त्या दिवशी आम्ही सोडून दिला.

पाणी कसे धरते, हे नववीच्या मुलांनी आर्किमिडीजच्या तत्त्वात वाचलेले असतेच. कंबरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार सुमारे निम्मा होतो. छातीइतक्या पाण्यात तो साधारण एक तृतीयांश उरतो आणि गळ्याइतक्या पाण्यात दहावा हिस्सा. याउलट जमिनीवर धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दाब पायावर येतो. म्हणून दुखऱ्या सांध्यांना, वजन जास्त असणाऱ्यांना आणि वयस्कर माणसांना पाणी मानवते. त्यातच पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. हात कुठल्याही दिशेला हलवा, ते अडवते. म्हणजे धक्का नाही आणि तरी मेहनत आहे. खांदे, पाठ, पोट, मांड्या सगळेच कामाला लागतात आणि श्वास ठरल्या तालात घ्यावा लागतो. दम्याचा त्रास असणाऱ्या मुलांना कोरड्या हवेत धावण्यापेक्षा पाण्यावरच्या दमट हवेत पोहणे बहुधा सोपे जाते. तेव्हा "सर्वांगाचा व्यायाम" हे शब्द खोटे नाहीत.

पण "सर्वांगाचा" म्हणजे "सगळ्या गरजांचा" नव्हे. आमचा आणि अर्जाचा मतभेद इथून सुरू होतो.

पाण्याचा जो गुण आमच्या गुडघ्यांना लाभला, तोच वाढत्या मुलांच्या बाबतीत उणीव ठरतो. हाड हे भिंतीतल्या विटेसारखे निर्जीव नसते. त्याच्यावर भार पडला, धक्का बसला की ते तिथे अधिक भरीव होते. उडी, धाव, दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो यांत हा धक्का वारंवार मिळतो. पोहताना शरीर आडवे आणि हलके असते, धक्का जवळजवळ नसतोच. नियमित पोहणाऱ्या खेळाडूंची हाडे तपासली तेव्हा ती धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या खेळाडूंइतकी भरीव आढळली नाहीत, बहुतेक वेळा सर्वसाधारण माणसांइतकीच आढळली. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या ठेवीचा फार मोठा भाग विशीच्या आत जमा होतो. म्हणजे आमच्या शाळेतली वर्षे हीच ती ठेव जमा करण्याची वर्षे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण पन्नाशीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा त्रास बायकांना जास्त होतो. आठवीनंतर मुलगी मैदानावरून गायब होते आणि चाळीस वर्षांनी त्याची किंमत चुकवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे चांगला घाम येईल अशी हालचाल सांगितली आहे आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे मजबूत करणारे व्यायाम असावेत असे म्हटले आहे. आता हिशेब करा. आठवड्यातून दोन दिवस तलाव आणि बाकी पाच दिवस बाक. यातून यांपैकी एकही गोष्ट साधत नाही.

काही पालकांनी वजन कमी करण्याचा मुद्दा मांडला. त्याचाही हिशेब करू. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चालले तर सुमारे २१० कॅलरी खर्च होतात. मध्यम गतीने सतत पोहले तर सुमारे ३५० आणि ताशी आठ किलोमीटर वेगाने धावले तर सुमारे ५००. म्हणजे पोहणे चालण्यापेक्षा सरस, पण धावण्याच्या पुढे नेहमीच नाही. आणि इथे "सतत" हा शब्द महत्त्वाचा आहे. एका संध्याकाळी आम्ही तलावाच्या काठावर घड्याळ लावून बसलो. पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचमध्ये आमच्या समोरचा एक मुलगा जेमतेम बारा मिनिटे हातपाय मारत होता. बाकी वेळ पाळी येण्याची वाट, दांडी धरून गप्पा आणि चष्मा धुणे. बाहेर आल्यावर कडकडून भूक लागते, म्हणून फाटकाबाहेर दोन प्लेट कचोरी. पोटाचा हिशेब तिथेच बरोबर झाला.

हसण्याआधी आमच्या मैदानाकडेही पाहू या. प्रामाणिकपणे सांगायचे तर मैदानावर यापेक्षा वेगळे काही होत नाही. पन्नास मुलांची रांग, एक चेंडू, एक शिक्षक. मुलगा तासभर उन्हात उभा राहतो आणि दोनदा चेंडू फेकतो. पालकांना "फायदा काही दिसत नाही", तो यामुळे. यात दोष मैदानाचा नाही, आमच्या नियोजनाचा आहे. आणखी एक कबुली देतो. सहामाही जवळ आली की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देण्याच्या कागदावर सही आम्हीच करत आलो. दहावीच्या वर्गाला तर दिवाळीनंतर मैदान दिसतच नाही. बारा वर्षे आम्ही हे केले. यापुढे ती सही होणार नाही, हे या पानावर लिहून देतो.

तेव्हा पाणी चांगले की जमीन, हा प्रश्नच अपुरा आहे. आपले मूल दिवसात किती मिनिटे खरोखर हलले, हा प्रश्न विचारला पाहिजे.

मग पोहण्याचा विषय सोडून द्यावा का? मुळीच नाही. उलट आम्ही अर्जदारांपेक्षा एक पाऊल पुढे जाऊ इच्छितो, पण वेगळ्या कारणाने.

काही वर्षांपूर्वी बारावीची परीक्षा देऊन आमचा एक माजी विद्यार्थी मित्रांबरोबर नर्मदेवर गेला. शाळेच्या खो-खो संघाचा तो कर्णधार होता. त्याच्यासारखा धावणारा मुलगा आम्ही फार थोडा पाहिला. पाणी गुडघ्याएवढे होते, दोन पावलांवर एकदम खोल झाले. त्याला पोहता येत नव्हते. त्याच्या आईला भेटायला गेलो तेव्हा त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मॅडम, तो किती मजबूत होता हो." यावर काय उत्तर द्यावे ते आम्हाला आजही कळलेले नाही. मजबूत पाय, मोठा दम, चपळ अंग हे सर्व आम्ही त्याला मैदानावर दिले होते. पाण्यात त्यातले काहीच कामी आले नाही. हात-पाय मारून माणूस थकतो आणि बुडतो. पाठीवर निश्चल पडून राहणे हे शिकावे लागते, आणि ते आम्ही त्याला शिकवले नव्हते.

हे एका घराचे दुःख नाही. सरकारी नोंदींप्रमाणे आपल्या देशात २०२२ या एका वर्षात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला. आपण इंदूरकर. नर्मदा आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. महेश्वर, ओंकारेश्वर, पावसाळ्यात पाताळपाणी आणि तिंछा. सुटी लागली की आमची मुले पाण्याकडेच धावतात. आमच्या आजोबांच्या पिढीत नदीकाठची मुले पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकत. आता भोपळा गेला, नदीची ओळखही गेली, फक्त तिच्यापुढे उभे राहून फोटो काढणे राहिले.

मराठीत "तरणे" हा शब्द किती अर्थाचा आहे पाहा. पाण्यावर तरंगणारा तरतो आणि संकटातून वाचणाराही तरतो. आमच्या मते शाळेत पोहणे शिकवायचे ते या दुसऱ्या अर्थाने. वाचायला येणे, पाढे येणे, रस्ता ओलांडता येणे यांच्या रांगेत पाण्यात जीव वाचवता येणे ही गोष्ट बसली पाहिजे. सहावीतून सातवीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तीन गोष्टी याव्यात : पाठीवर पाच मिनिटे तरंगणे, खोल पाण्यात उभ्याने हातपाय हलवत डोके वर ठेवणे आणि न थांबता पंचवीस मीटर पोहून काठ गाठणे. शैली, पदके, वेळ हे सगळे नंतर.

चौथी गोष्ट पाण्याबाहेरची. कुणी बुडत असेल तर उडी मारायची नाही. आधी हाका मारून माणसे जमवायची. काठी, दोर, ओढणी जे मिळेल ते पुढे करायचे, रिकामा कॅन फेकायचा. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो आणि मग एकाचे दोन जातात.

यासोबत एक सावधगिरी सांगणे भाग आहे. तलावात पंचवीस मीटर पोहणे म्हणजे नदी जिंकणे नव्हे. तलावात पाणी स्थिर, तळ दिसतो, काठाला दांडी असते. नदीत ओढ असते, शेवाळ असते, वाळू उपसल्याचे खड्डे असतात आणि वर धरण असते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजी येथे अमावास्येच्या मेळ्यात धरणाचे पाणी अचानक वाढले आणि अनेक भाविक वाहून गेले. अशा लोंढ्यापुढे कुणाचे पोहणे चालत नाही. जे मूल खरोखर पोहायला शिकते, ते पाण्याला भ्यायलाही शिकते. ते भय चांगले.

पाणी आणि जमीन एकमेकांचे शत्रू नाहीत, हे सांगायला दोन माणसे पुरेत. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले, सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. जमिनीवर कमावलेली जिद्द पाण्यात उपयोगी पडली. दुसरे आपल्याच प्रदेशातल्या भिंड जिल्ह्याचे सत्येंद्रसिंह लोहिया. दोन्ही पायांनी अपंग, पण गावच्या नदीत पोहायला शिकले. २०१८ मध्ये अपंग जलतरणपटूंच्या रिले संघातून त्यांनी इंग्लिश खाडी पार केली आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना जमिनीने अडवले त्यांना पाण्याने वाट दिली. आमच्या शाळेत चालायला त्रास होणारी तीन मुले आहेत. खेळाच्या तासाला ती आजवर दप्तरे सांभाळत बसली. तलावाच्या योजनेत पहिली नावे त्यांची असावीत.

आणि मैदानाची आपली परंपरा? अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आपल्या शहराचे आखाडे अजून हात दाखवतात. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, त्याला २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने राज्याचा खेळ मानले. शेजारच्या उज्जैनचे मल्लखांब प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मल्लखांबाला लागते काय? एक खांब, थोडे तेल आणि मैदानाचा एक कोपरा. आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात तो खांब आजही उभा आहे. प्रस्तावित नकाशात नेमक्या त्याच जागी तीन नंबरची बस उभी आहे.

विश्वस्त मंडळापुढे आमचे म्हणणे नम्रपणे असे.

एक, मैदानाचा एक फूटही कमी करू नये. गाड्यांसाठी शाळा सुटण्याची वेळ दोन टप्प्यांत करावी. शिक्षकांचे वेळापत्रक आम्ही बसवून देऊ. फरसबंदी झालेले मैदान पुन्हा मैदान होत नाही.

दोन, सहावीच्या सर्व मुलामुलींसाठी उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा पोहण्याचा वर्ग भाड्याच्या तलावावर, सकाळच्या वेळी घ्यावा. मुलींसाठी स्त्री प्रशिक्षक असावी. सोबत जीवरक्षक असल्याशिवाय एकही मूल पाण्यात उतरणार नाही. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर त्या दिवशी वर्ग रद्द. शाळेने स्वतःचा तलाव बांधण्याचा मोह टाळावा. त्याची शुद्धी आणि देखरेख आपल्याला पेलणारी नाही.

तीन, ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांचे शुल्क संस्थेने भरावे आणि त्यांची नावे कुठेही लिहू नयेत.

चार, रोजचा शारीरिक शिक्षणाचा तास नव्याने बांधावा. रांगा लहान, गट लहान, दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो, सूर्यनमस्कार, मल्लखांब. आपल्या राज्यात १२ जानेवारीला सामूहिक सूर्यनमस्कार होतात. ते वर्षातून एकदाच का घालावेत? आमचे क्रीडाशिक्षक यासाठी तयार आहेत, त्यांना फक्त त्यांचा तास परत हवा आहे.

पालकांनाही दोन शब्द. "पोहायला गेली तर मुलगी काळी पडेल" असे एका आईने आम्हाला सांगितले. ताई, रंग पावसाळ्यात उतरतो. पण जी भीती मुलीच्या मनात बसते ती उतरायला आम्हाला त्रेपन्न वर्षे लागली. पूर्ण अंगाचा पोषाख मिळतो, टोपी मिळते, संकोचाला आता कारण उरलेले नाही. घरातल्या ज्या आजी-आजोबांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी डॉक्टरांना विचारून अवश्य पाण्यात चालावे. ज्या वडिलांचे पोट पट्ट्याबाहेर आले आहे त्यांनी तलावाची वाट न पाहता उद्यापासून चालायला लागावे. पैसे पडत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. मैदानावर पाच मिनिटे धावून मनगटाची नाडी मोजा. जेव्हा तलावावर जाल तेव्हा तेवढेच दमून पुन्हा मोजा. पाण्यात ती बहुधा मिनिटाला दहाएक ठोक्यांनी कमी भरेल, कारण आडव्या शरीरात आणि पाण्याच्या दाबाखाली रक्त हृदयाकडे सहज परतते आणि थंडाव्याने शरीर कमी तापते. आकडे वहीत लिहून विज्ञानाच्या मॅडमना दाखवा. वेगळे आले तरी तसेच लिहा.

त्या कर्णधार मुलाचा संघाबरोबरचा फोटो आमच्या खोलीत भिंतीवर आहे. मैदानावर काढलेला, पाय धुळीने माखलेले, हातात ढाल. तो पाहताना धुळीबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. फक्त वाटते, याला पाठीवर तरंगायला शिकवले असते तर. सहावीच्या यंदाच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुले आहेत. निर्णय घेताना विश्वस्त आणि पालकांनी त्यांची हजेरीपटावरची नावे एकदा वाचावीत, एवढीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

प्राचार्य